साबुदाण्याचा डबा

आमच्या घरात कॅन्सरच्या गोळ्या साबुदाण्याच्या डब्यात असायच्या. औषधांसाठी वेगळं कपाट होतं, त्याला आरसाही होता. पण त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, एक बाम आणि एक थर्मामीटर एवढंच असायचं. बायकोच्या गोळ्या स्वयंपाकघरात, दुसऱ्या फळीवर, साबुदाण्यात अर्ध्या पुरलेल्या. असं का, हे सांगायचं तर तिच्या दादांपासून सुरुवात करावी लागेल. आणि त्याही आधी, मी स्वतःला किती शहाणा समजत होतो तिथून.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला वाचायला भरपूर वेळ मिळतो असं लोक समजतात. ते खरं आहे, कारण ग्रंथालयात फारसं कुणी येत नाही. उरलेल्या वेळात माझ्याकडे समारंभांची व्यवस्था असे. शाली आणायच्या, नारळ निवडायचे, पाहुण्यांच्या नावाआधीची विशेषणं तपासून घ्यायची. एकदा एकच शाल मी एकाच दिवशी दोन पाहुण्यांच्या अंगावर चढवली होती. पहिले पाहुणे ती खुर्चीवर विसरून गेले होते. असली तीस वर्षं काढल्यावर माणसाला व्यासपीठाचा कंटाळा येतो आणि आपल्याला कुणी फसवू शकणार नाही अशी खात्री वाटू लागते. दुसरी गोष्ट पहिलीतून निघत नाही, हे मला उशिरा कळलं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी बायको जेवणात मागं पडू लागली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. घामानं उशी ओली व्हायची. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड वाटतं म्हणायची आणि त्याला गॅस म्हणायची. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की तपासणाऱ्यानं पुन्हा रक्त मागवलं. मग आम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथली डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची होती.

"मावशी, हा रक्ताचा कॅन्सर आहे," ती म्हणाली. "पण सावकाश चालणारा आहे आणि त्याला गोळी आहे. रोज एकदा, जेवणासोबत, मोठा पेलाभर पाणी घेऊन. एकही दिवस चुकवायची नाही."

"किती दिवस?" बायकोनं विचारलं.

"कायम."

"म्हणजे कुंकवासारखं."

डॉक्टर हसली. बाहेर आल्यावर बायको मला म्हणाली, "कुंकू तरी मी कधीमधी विसरते."

पंधरा दिवसांत तिच्या डोळ्यांभोवती सूज आली. सकाळी उठली की पापण्या अशा फुगलेल्या, जणू काही रात्रभर रडली आहे. मळमळ होती, पिंडऱ्यांत गोळे येत होते. डॉक्टरनं सांगितलं की हे गोळीमुळंच आहे, सोसवेल तेवढं सोसा. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद होता. उलगडला तर वर्तमानपत्राच्या पानाएवढा. काय काय होऊ शकतं ते त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं. मी तो दोनदा वाचला. ती म्हणाली, "मला वाचून दाखवू नका. जे व्हायचं ते वाचल्याशिवाय होऊ द्या."

याच सुमारास दादा आले.

दादा म्हणजे तिचे चुलतभाऊ, तिच्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी मोठे. सिल्लोडजवळच्या गावात तिचे वडील ती लहान असतानाच गेले. पुढं तिची शाळा, तिचं लग्न, पहिलं बाळंतपण, सगळं दादांनी केलं. निजामाच्या राज्यात त्यांचं शिक्षण उर्दूतून झालं होतं. पोलीस ॲक्शननंतर ते मराठी शाळेत मास्तर झाले आणि निवृत्तीनंतर झाडपाल्याकडे वळले. त्यांच्या वहीत औषधांची नावं मराठीत आणि मापं उर्दू आकड्यांत. औषधाचे पैसे ते घेत नसत. पैसे घेणाऱ्यावर संशय घेणं सोपं असतं. दादांनी माझी ती सोयच काढून घेतली होती.

त्यांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली.

"बाई, तुझ्या रक्तात उष्णता साठलीय. दुसरं काय नाय. शहरातलं खाणं, शहरातलं पाणी. गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस, सकाळचं ऊन. मीठ बंद, चहा बंद, साबुदाणा बंद. साबुदाणा म्हंजे मेलेलं अन्न."

"आणि दादा, गोळी?" तिनं विचारलं.

"मी बंद कर म्हणत नाय. पण काढा आणि विष एका पोटात नांदत नसतात, एवढं सांगतो. मग तुझं तू बघ."

मी म्हणालो, "दादा, तुमच्या काढ्यानं असं बरं झालेलं कुणी आहे का?"

"दाजी," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही पुस्तकातले. मी मातीतला. आपलं नाय जमायचं. चहा मात्र तुम्ही प्या, तुम्हाला बंदी नाय."

मी एक वही केली. डाव्या रकान्यात गोळी, उजव्यात काढा. गोळीच्या बाजूला डॉक्टरचं म्हणणं, तपासणीचे आकडे, त्या लांब कागदातले सगळे त्रास. काढ्याच्या बाजूला विशेष काही येईना. दादांच्या वहीत एकाही औषधाचा एकही दुष्परिणाम लिहिलेला नव्हता. ज्याचा दुष्परिणाम नाही त्याचा परिणाम तरी असतो का, असा प्रश्न मी त्या रकान्यात लिहून ठेवला. विचारला मात्र नाही. वहीत लिहिलं की बोलल्यासारखं वाटतं, ही वाचणाऱ्या माणसांची जुनी खोड आहे.

बायकोनं वही केली नाही. तिनं दोन्ही घ्यायला सुरुवात केली.

"गोळी माझ्यासाठी," ती म्हणाली, "काढा दादासाठी."

चार महिन्यांत तिचे आकडे खाली आले. एका सकाळी रिपोर्टावर सगळं बरोबर होतं. डॉक्टर म्हणाली, गोळी लागू पडली. दादांना फोन केला तर ते म्हणाले, "म्हणलं नव्हतं?" दोघांचीही खात्री सारखीच होती, फक्त डॉक्टरनं आणखी एक वाक्य जोडलं: "रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबायचं नाही हं, मावशी."

त्याच आठवड्यात दादांची पंच्याहत्तरी होती.

शहरातलं एक मंगल कार्यालय घेतलेलं. फलकावर दादांचा फोटो धन्वंतरीपेक्षा थोडा लहान आणि आमदारांपेक्षा थोडा मोठा होता. आमदारांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते लवकर गेले. दादांना हे सगळं आवडत होतं असं नाही. ते खुर्चीच्या टोकावर बसले होते, फेटा त्यांच्या कानावर येत होता. पण त्यांच्या विद्यार्थ्यांना हौस होती, आणि हौस असलेल्या विद्यार्थ्यांपुढं मास्तरचं काही चालत नाही. मी मागच्या रांगेत बसून शालीचा दर्जा पाहत होतो. तेवढ्यात सूत्रसंचालकानं माझं नाव पुकारलं. "ज्यांच्या घरात हा चमत्कार घडला, ते आपले दाजी दोन शब्द बोलतील."

मला नकार देता आला असता. मी उठलो, गेलो, माईकसमोर उभा राहिलो. पहिल्या रांगेत बायको बसली होती, डोळ्यांभोवती सूज, केसांत गजरा. मी म्हणालो:

"चार महिन्यांपूर्वी माझ्या पत्नीला रक्ताचा कॅन्सर निघाला. दादांनी तिला गुळवेलीचा काढा आणि गव्हांकुराचा रस सुरू केला. परवाचा रिपोर्ट नॉर्मल आला."

तिन्ही वाक्यं खरी होती. यादीतून एक कार्ड काढून घेतलं की पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखं होतं, हे ग्रंथपालाला कुणी शिकवावं लागत नाही. टाळ्या थांबेनात. दादांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. मला शाल घातली, नारळ दिला. शाल बरी होती.

परतताना रिक्षात तिनं गजरा सोडवला. मग म्हणाली, "गोळीचं नाव नाही घेतलंत."

"घ्यायला हवं होतं का?"

"दादाच्या तोंडावर? एवढ्या माणसांत?" ती बाहेर बघत होती. "नव्हतंच घेता आलं. पण आता मी ती कुणापुढं घेऊ?"

हा प्रश्न मला तेव्हा अतिशयोक्त वाटला.

दोन दिवसांनी एका स्थानिक पेपरात बातमी आली, माझ्या फोटोसकट. मग माणसं येऊ लागली. छावणीच्या बाजारामागं आमचं घर शोधायला अवघड नव्हतं, पानवालाच बोट दाखवायचा, "वो कैन्सरवाली बाई का घर? सीधा जाओ, नीला गेट." दादा म्हणाले, लोक एवढ्या लांबून गावाकडं येण्यापेक्षा मीच काही दिवस इथं राहतो. आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडली. गच्चीवर गव्हांकुरांचे ट्रे आले. आणि येणाऱ्या प्रत्येकाला बरी झालेली बाई पाहायची होती.

बायको बाहेर येऊन बसायची, पाणी द्यायची, "मी बरी आहे" म्हणायची. दादा तिच्याकडे हात करायचे, बोलायचे काही नाहीत. माणसं तिच्याकडे अशी बघत, जशी प्रदर्शनातल्या बैलाकडे बघतात. एकीनं तर तिच्या दंडाला हात लावून पाहिला.

गोळ्या साबुदाण्याच्या डब्यात गेल्या त्या या दिवसांत. दादा साबुदाणा खात नसत, त्यामुळं तो डबा ते उघडणार नव्हते. जेवायला मात्र ते रोज तिच्यासमोर बसत. मीठ किती, भाकरी कशाची, सगळ्यावर लक्ष. गोळी जेवणासोबतच घ्यायची होती. पहिले काही दिवस ती ताक आणायच्या निमित्तानं आत जाई, फळीवर हात घाली, आणि ओठ पुसत बाहेर येई.

एका रविवारी वैजापूरहून एक नवराबायको आले. तो मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर कामाला होता. बाई तिशीतली, अंगानं बारीक, डोक्यावरून पदर घट्ट. तिला तोच आजार, तीच गोळी, सुरू करून दोन महिने झालेले. नवरा पेपरचं कात्रण घेऊन आला होता. ते त्यानं माझ्याच हातात दिलं, जणू मी वाचलं नसेल.

"सर, एकच इचारतो," तो म्हणाला. "तुमच्या बाईंनी गोळ्या बंद केल्या का मंग? हिला लई तरास होतो. डोळे बघा हिचे. सोडून द्याव्या म्हंतो."

दादा माझ्याकडे बघत नव्हते. ते गुळवेलीचे तुकडे करत होते, सारख्या मापाचे. बायको दारात उभी होती.

ती म्हणाली, "मी दादांचा काढा घेते." मग त्या बाईला म्हणाली, "चल गं आत, गव्हांकूर कसा खुडायचा ते दाखवते."

गव्हांकूर गच्चीवर होते, आत नव्हते. माझ्या ते लक्षातही आलं नाही. नवऱ्याला उत्तर अजून मिळालं नव्हतं आणि तो माझ्याकडे बघत होता. "पाणी घ्या," असं म्हणून मी तांब्या भरायला उठलो. तांब्या भरलेलाच होता.

पुढच्या महिन्यात तिच्या डोळ्यांची सूज उतरली. चेहरा पूर्वीसारखा झाला. पिंडऱ्यांत गोळे येईनात. ती गुणगुणायला लागली. शेजारणी म्हणाल्या, वहिनी किती छान दिसताय. दादा म्हणाले, "बघा दाजी."

मी एका दुपारी साबुदाण्याचा डबा उघडला. पट्टीवर चार गोळ्यांच्या जागा रिकाम्या होत्या, सहा भरलेल्या. आठवड्यानं पुन्हा उघडला. चार रिकाम्या, सहा भरलेल्या.

इथं मला म्हणता येईल की तिच्या इच्छेचा मी मान राखला, किंवा दादांसमोर घरात वाद नको होता. दोन्ही सभ्य कारणं आहेत आणि दोन्ही खोटी. खरं असं की तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरलेली पाहून माझ्या मनात आलं, दादांचं खरं असलं तर? आयुष्यभर गंडेदोरे, बुवा, भस्मं यांची टिंगल केलेला मी, त्या डब्यासमोर उभा राहून आशा करत होतो. तिचा दादांवर विश्वास होता की नाही मला माहीत नाही. माझा बसू लागला होता. मी डब्याचं झाकण लावलं आणि तिला काही बोललो नाही. पुढं जवळजवळ दोन महिने बोललो नाही.

मग एके दिवशी मी पाहिलं की ती परकराची नाडी डावीकडे बांधण्याऐवजी उजवीकडे बांधते आहे. डावीकडे गाठ टोचते म्हणाली.

डॉक्टरनं रक्ताचा नवा रिपोर्ट पाहिला आणि खुर्ची पुढं ओढली.

"मावशी, गोळ्या चुकल्या का?"

"विसरले मी," बायको म्हणाली. "वय झालं."

"किती दिवस? मला खरं कळायला हवं. रोज घेऊनही आकडे वाढले असतील तर गोळी हरली, मग रस्ता वेगळा. चुकल्या असतील तर पुन्हा सुरू करून बघता येईल. हे मी रागवायला विचारत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर?"

"सव्वादोन महिने," मी म्हणालो. "अजिबात नाही घेतली. घरी तिचे भाऊ आहेत, ते काढा देतात. त्यांच्यासमोर तिला घेता येत नव्हती."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. आणि बायकोनं माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरलेलो नाही. मी तिच्या दादांना परक्या माणसासमोर उघडं पाडलं होतं. बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"डबा उघडायचात तुम्ही. साबुदाणा सारखा केलेला दिसायचा मला." मग म्हणाली, "मला वाटायचं, आज तुम्ही म्हणाल, घे. तुम्ही म्हणाला असतात तर दादाला सांगता आलं असतं की नवऱ्यानं जबरदस्ती केली. दादा मला नाही, तुम्हाला बोलला असता. तुम्हाला काय, तुम्हाला सवय आहे."

मी त्या दिवशी घरी येऊन दादांना म्हणालो की घरात थोडं काम काढायचं आहे, सतरंजी उचलावी लागेल. तेव्हाही मी रंगकामाचं निमित्त सांगितलं. ते एका शब्दानं न विचारता गेले. ट्रे मात्र ठेवून गेले, रोज पाणी घाला म्हणाले.

गोळी पुन्हा सुरू झाली, आता उघड्यावर, पुढच्या खोलीत, मी समोर बसून. पण आजार पूर्वीचा राहिला नव्हता. थांबला नाही. डॉक्टरनं दुसरं औषध दिलं, मग दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिथं तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, बोलणं कमी झालं. तिनं पुन्हा मला दोष दिला नाही आणि दादांनाही नाही. एकदा फक्त विचारलं, ट्रे वाळले का? वाळले होते. मी नाही म्हणालो. हिवाळा संपायच्या आत ती गेली.

दादा आले. माझ्याजवळ बसले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "दाजी, शेवटी विषानं घात केला. माझ्या काढ्यावर सहा महिने कशी टवटवीत होती." ते रडत होते, आणि ते रडणं अस्सल होतं. त्यांना खरं सांगायची ती वेळ होती. किंवा नव्हती. मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी तो घेतला, आणखी थोडा मागितला.

सहा-सात महिन्यांनी मी वैजापूरला गेलो. जायला आधीच हवं होतं. रोज ठरवून रोज टाळत होतो. एसटीत बसून मी वाक्यं तयार केली. माझ्या भाषणात एक गोष्ट राहून गेली होती, वगैरे. मार्केट यार्डामागं विचारत विचारत घर सापडलं. दार त्या बाईनंच उघडलं.

मी तिचे डोळे पाहिले. सुजलेले होते. पापण्या फुगलेल्या, रात्रभर रडल्यासारख्या. माझी तयार केलेली वाक्यं तिथंच संपली.

"सर, या की," ती म्हणाली. "मावशी कशा हायेत?"

ती गेल्याचं आणि गोळी सुटल्याचं मी सांगितलं. ती दारातच बसली. सासू आतून आली, तिनं पाणी दिलं. मग बाई म्हणाली, "त्या दिवशी त्यांनी मला आत नेलं ना, तवा साबुदाण्याचा डबा काढून दावला. म्हनल्या, मी इथं ठेवते, तू असं नको करू. तू सासूसमोर घे, नवऱ्यासमोर घे, पहिल्या दिवसापासून घे. लपवायला लागलीस की सुटंल. मी घरी येऊन यांना तसंच सांगितलं." मग तिनं विचारलं, "मंग त्यांनीच का नाय घेतली?"

"त्यांचे भाऊ होते," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. माझ्या वहीत दोन रकाने होते, डावा आणि उजवा. दादा त्यात कुठंच नव्हते. या बाईला वही न करता ते कळलं.

जेवायची वेळ झाली होती. त्यांनी मला आग्रहानं बसवलं. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला तिनं खिडकीत उघड्यावर ठेवलेली पट्टी घेतली, गोळी तोंडात टाकली आणि मोठा पेला उचलला. सासू भाकरी वाढत होती, तिनं वरही पाहिलं नाही. पेला संपेपर्यंत मी घास हातात धरून तिच्याकडे बघत बसलो. एवढंच मला घरी वेळेवर करायला हवं होतं.